नयनचा डब्बा

दिवेलागण झाली की तानाबाई ओसरीवर बसल्या बसल्या गावांना जाऊन यायची. जागची हलायची नाही, पण जायची. फोन मांडीवर घ्यायची, सेटिंगमध्ये शिरायची, तिथून वाय-फायमध्ये, आणि सेव्ह केलेल्या नेटवर्कची नावं उघडली की एकेका नावावर बोट ठेवून बसायची. सातवीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायची. पण घाई कुणाला होती?

पहिलं नाव यवतमाळच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं. तिथं तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाली तेव्हा सगळ्यात आधी तिला भिंतीचा हिरवा रंग दिसला होता आणि मग त्या भिंतीला टेकून उभा असलेला नयन. खालचं नाव कळंबच्या लॉजचं. चिंतामणीच्या दर्शनाला गेले होते, पाऊस लागला आणि मुक्काम पडला. त्याखाली आदिलाबादच्या एका लग्नाचा हॉल, मग बहिणीचं वणीचं घर. जिथं जाईल तिथं काउंटरवर जाऊन पासवर्ड मागायची नयनला भारी हौस. स्वतःच्या फोनमध्ये टाकायचा आणि लगेच आईच्या फोनमध्येही टाकून द्यायचा. तिला त्याचं काही काम नसायचं. पण लेक आपला फोन हातात घेऊन खाली मान घालून काहीतरी करतो आहे, हे बघत राहायला तिला आवडायचं.

सगळ्यात शेवटी नाव होतं, नयनचा डब्बा. ते मराठीत होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, रेंजमध्ये नाही. ते वाचून झालं की तानाबाई फोन बंद करायची आणि भाकरी टाकायला उठायची.

हा डब्बा म्हणजे तळहाताएवढं एक यंत्र. त्यात सिमकार्ड टाकलं की घरभर वाय-फाय. नयननं वणीच्या दुकानातून आणलं होतं. किसनराव, म्हणजे तानाबाईचे मालक आणि नयनचे वडील, त्याला हिणवून डब्बा म्हणायचे. पोरानंही मग चिडवायला तेच नाव देऊन टाकलं. घरातल्या तिन्ही फोनांत त्यानं ते नाव घालून दिलं, किसनरावांच्याही. "बाबा, तुमाले भाव पायता येतीन कापसाचे," म्हणाला होता.

आणि त्या डब्ब्यानंच घर मोडलं. खरं तर डब्ब्यानं नाही, किसनरावांच्या रागानं. मागच्या हंगामात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी पडली, फवारणी अडली होती. किसनरावांनी वावरात निघायला दोनदा हाक मारली. नयन आतल्या खोलीत धुतलेला शर्ट घालून, केस बसवून फोनसमोर बसला होता. ओ देईना. तिसऱ्या हाकेला किसनराव आत आले, खिडकीतला तो डब्बा उचलला आणि अंगणापलीकडच्या उकिरड्यावर भिरकावून दिला. पोराची मुलाखत चालली होती, पुण्याच्या कंपनीची. समोरची बाई बोलता बोलता तशीच थिजली आणि मग गेली. ती काही परत आली नाही.

नयन भांडला नाही, तेच वाईट झालं. उकिरड्यावर गेला, डब्बा शोधला, शर्टाला पुसला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघून गेला, डब्बा घेऊन. आता वणीत कुण्या व्यापाऱ्याची पिकअप गाडी चालवतो. रविवारी आईला फोन करतो. जेवला का विचारलं तर जेवलो म्हणतो. कधी येतं बाबू विचारलं की तिकडं नुसता गाडीचा आवाज येत राहतो.

तानाबाईनं नवऱ्याशी भांडण काढलं नाही. तिनं त्याच दिवशी एवढंच सांगितलं, "माह्यं लेकरू घरी येईलोक मी तुमच्या वावरात पाय ठेवनार नाई." आणि नाही ठेवला. लग्न होऊन आल्यापासून दुपारची भाकर डोक्यावर घेऊन जाणारी बाई, पण निंदण गेलं, खत गेलं, ती गेली नाही. किसनराव सकाळीच भाकर बांधून घेऊन निघून जायचे ते दिवस बुडाल्यावर यायचे. वानरं येतात म्हणून रस्त्याच्या बाजूला मचाण बांधलं होतं, त्यावर बसून राहायचे म्हणे. तानाबाईला वाटायचं, माझ्या तोंडासमोर यायला नको म्हणून लपून बसतात. बसू देत.

दसऱ्याला तिची भाची समीक्षा आली, बहिणीची मुलगी. यवतमाळला कॉलेजात शिकते, आणि कुणाचा फोन हातात आला की झाडून पुसून दिल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"मावशी, हे काय भरून ठेवलं? म्हणून फोन गरम होते तुया. नाई लागत ते नेटवर्क काढून टाकावं माणसानं."

"काढ बाप्पा काय काढतं थे."

समीक्षानं आदिलाबादचा हॉल काढला. तानाबाईनं काढू दिला, तिथलं जेवण तसंही बरं नव्हतं. लॉज काढला. दवाखाना काढताना मात्र तिला वाटलं, हिरव्या भिंतीचं काय होईल? पण भिंत तिला डोळे मिटूनही दिसत होती, तेव्हा तोही काढू दिला. समीक्षाचं बोट शेवटच्या नावाशी गेलं तशी तिनं फोन झटकन ओढून घेतला.

"हा नाई."

"अवो मावशी, हा डब्बा तर नयनदादाजवळ हाये. इथं ठेवून काय फायदा?"

"थो डब्बा घेऊन जवळ आला, की हा लागन ना पुन्हा?"

"हव. आपोआप लागन. तुले काईच करा नाई लागत."

"मंग राहू दे," तानाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. समीक्षानं मग आपला मोर्चा काकांकडे वळवला. आतून तानाबाईला दिसलं, किसनरावांनी आपला फोन पोरीच्या हातात दिला होता आणि दोघं डोकं जुळवून काहीतरी पाहत होती. बघत असतील कापसाचे भाव, ती मनाशी म्हणाली. या माणसाला दुसरं काय दिसतं?

समीक्षा गेली. मात्र तिचं बोलणं तानाबाईच्या मनात घर करून राहिलं. आपोआप लागन. आता तिला भलतीच दृश्यं दिसू लागली. शर्टाच्या खिशात डब्बा घालून नयन गाडी चालवतो आहे, आणि डब्ब्याच्या भोवती अंगणाएवढा एक उजेड आहे. गाडी मुकुटबनला आली की उजेड मुकुटबनला, घाट उतरला की उजेड घाटाखाली. कुठल्या तरी गावच्या रस्त्यावरून तो उजेड फिरतो आहे, लोकांच्या अंगावरून जातो आहे, आणि कुणाला पत्ता नाही. एक दिवस तो या आळीत शिरेल आणि मांडीवरचा फोन जागा होईल. भाकरी टाकताना ती असं काहीबाही बघत बसायची आणि भाकर करपायची. किसनराव करपलेली भाकर तशीच खायचे.

कापूस फुटला. शेजारच्या श्रावणची नवी बायको प्रेरणा एका सकाळी बोलवायला आली. पहिल्या वेचणीआधी सीतादही करायची असते. वावरात मातीचे खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि मग तो दहीभात पऱ्हाटीवर शिंपडून वेचायला लागतात. प्रेरणाची सासू अंथरुणाला खिळलेली, मांडणार कोण?

"काकू, तुमी चाला. मले काईच येत नाई."

तानाबाई थबकली. श्रावणचं वावर आणि त्यांचं वावर यांच्यामध्ये फक्त एक धुरा, गवताचा बांध. पण वावर तर श्रावणचंच, शपथ काही मोडत नव्हती. ती लुगडं बदलून निघाली.

वर्षभरानं ती पऱ्हाटीत उभी राहिली. ऊन कोवळं होतं आणि ओळीवर ओळी पांढऱ्या फुटल्या होत्या. वेचलेला कापूस टाकायला बायांनी कमरेला ओट्या बांधल्या. तानाबाईनं खडे मांडले, कुंकू लावलं, दहीभात वाढला. डोळे मिटून हात जोडले आणि सगळ्या बाया समृद्धी मागत होत्या तिथं हिनं दुसऱ्याच्या वावरात उभं राहून आपलं पोरगं मागून घेतलं. मग ती दहीभात शिंपडत शिंपडत धुऱ्याच्या बाजूनं चालत गेली. शेवटच्या ओळीशी पोहोचली आणि कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. एकामागून एक, चार-पाच वेळा. आलेले पण अडकून पडलेले निरोप एकदम सुटले की वाजतो, तसा.

तिनं दह्याचा हात पदराला पुसला. वर कोपऱ्यात वाय-फायची एक बारीक कमान उमटली होती. तिनं उघडून पाहिलं. नयनचा डब्बा. खाली लिहिलं होतं, कनेक्ट झाले.

तानाबाईनं दहीभाताचं भांडं तिथंच खाली ठेवलं.

तिला पहिलं सुचलं ते फोन लावायचं. लावला नाही. पोरगं इथवर आलं आहे, बापाच्या भीतीनं पऱ्हाटीत दडून उभं आहे. हाक मारली तर चमकून पळून जाईल, असं तिला वाटलं. लहानपणी असंच करायचा. शाळेतून आला की दाराआड लपायचा आणि ती मुद्दाम कोठीत, गोठ्यात शोधत फिरायची. आज शोधायचं होतं तर शोधू. फोन तळहातावर धरून ती गुपचूप चालू लागली. मागे प्रेरणा काकू काकू करत होती, तिला ऐकूच गेलं नाही.

धुऱ्यावर कमानी दोन झाल्या. श्रावणच्या वावराकडं वळली तर पुन्हा एक. रस्त्याकडं गेली, एकच. तिनं पुन्हा धुऱ्यावर येऊन आपल्या वावराकडं तोंड केलं. दोन. पोरगं बापाच्याच वावरात उभं होतं.

शपथ आठवली. मग तिला स्वतःचीच चीड आली. लेक आल्यावर पाय ठेवणार असं म्हणाली होती ना? मग आला की लेक! तिनं पदर खोचला आणि धुरा उतरली.

पऱ्हाटी तिच्या खांद्याच्याही वर गेलेली. किसनरावांनी निगा चांगली राखली होती, हे तिला रागातही मान्य करावं लागलं. दोन्ही बाजूंनी बोंडं गालाला लागत होती. आत शिरलं की गावाचा, बायांचा आवाज तुटला. नुसती पानांची सळसळ आणि वर निळं आभाळ. तीन कमानी झाल्या. तिनं चाल वाढवली. पण दहा पावलं गेली नाही तोच कमान गळाली, दोनच राहिल्या. ती तर वाट सोडून कुठं वळली नव्हती. म्हणजे तोच हलला. ती डावीकडं गेली, पुन्हा तीन. थांबली तर दोन. पलीकडं कुठंतरी पाला खसखसला.

"लबाडा," ती हळूच म्हणाली. तिला हसू आलं आणि डोळे भरले. आता तिला पक्कं वाटलं की तो खेळतो आहे. तो सात वर्षांचा आहे, आणि पंचवीस वर्षांचाही आहे, आणि या पांढऱ्या ओळींत कुठंतरी श्वास धरून उभा आहे. काय बोलायचं ते तिनं ठरवून टाकलं. आधी जेवायला वाढीन, मग रडीन. बापाला काही बोलू देणार नाही. कमानी भरल्या. समोरची ओळ हलली, कुणीतरी घाईघाईनं फांद्या बाजूला सारत येत होतं.

"नयन!" ती ओरडली.

"नयन!" समोरूनही तीच हाक आली, आणि पऱ्हाटीतून किसनराव बाहेर पडले.

दोघंही जागच्या जागी उभी राहिली. किसनरावांच्या डोक्याची टोपी कुठंतरी गळून पडली होती, पायात एकच चप्पल होती, आणि हातात फोन होता. तिच्या हातातही फोन होता.

"तुमी?" तानाबाई म्हणाली. "नयन कुठं हाये? त्याचा डब्बा लागला माह्या फोनले."

किसनराव तिच्या फोनकडं बघत राहिले, मग आपल्या. "म्हणजे तुयाच फोन होय का," ते म्हणाले. "इथं दाखवून राह्यलं, एक फोन जोडला म्हणून. मले वाटलं पोट्टं आलं. रस्त्यालोक पळत जाऊन आलो मी."

"पन डब्बा?"

"डब्बा नाई. थे मीच होय." ते खाली ढेकळाकडं बघून बोलत होते. "समीक्षा म्हणाली ना, फोन डब्ब्याले नाई वळखत, नाव अन् पासवर्ड वळखते. मंग माह्याच फोनातून डब्ब्यासारखं नेट सोडून, त्याले तेच नाव अन् पासवर्ड घालून मागतलं तिले. थो पिकअप घेऊन जाते या रस्त्यानं. श्रावणनं पायला त्याले. थांबत नाई, निंगून जाते. म्हटलं, इथून जाता जाता त्याच्या फोनात आपोआप लागन. त्याले समजन का घरचं लागलं म्हणून. बोलून तर मले सांगता येत नाई."

रोज मचाणावर बसून हा माणूस वानरं हाकत नव्हता तर. तानाबाईला आधी आनंद झाला नाही, आधी सगळं अंग रिकामं झालं. पोरगं आलंच नव्हतं. ती तिथंच ओळीत बसली आणि मोठ्यानं रडली. "मले वाटलं माह्यं लेकरू आलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. किसनराव शेजारी उकिडवे बसले. रस्त्यापर्यंत पळून खरचटलेला त्यांचा अनवाणी पाय तिला दिसला. वर्षभर या माणसाच्या पाठीकडं बघून तिनं काय काय ठरवलं होतं! तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

डोळे पुसून तिनं नयनचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"काय बोलू मी?" ते घाबरून म्हणाले.

"रस्त्याले जे सांगून राह्यले होते, थे त्याले सांगा."

"बोल माय," नयनचा आवाज आला.

किसनरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मी बोलून राह्यलो."

तिकडं हॉर्न वाजला. मग, "बाबा? मायले बरं नाई का?"

"तिले काई नाई झालं. इथंच हाये. मी म्हणत होतो का… वावरात नेट लावलं. तुया डब्ब्याच्या नावाचं."

"मालूम हाये मले," नयन म्हणाला. "मांगच्या आठवड्यात जाता जाता फोन वाजला. पायलं तर डब्ब्याचं नाव. गाडी कडेले लावून बसून राह्यलो बराच वेळ. परवा पुन्हा लागलं, परवाबी थांबलो."

किसनरावांनी मचाणाकडं पाहिलं. दोन्ही दिवस फोन तिथं टांगून ते खाली पऱ्हाटीत असतील, म्हणून लेकाचा फोन जोडलेला त्यांना दिसला नसेल, असं तानाबाईला वाटलं. "मंग अंदर काहून नाई आला?"

"मले वाटलं, मायनं लावलं." नयन म्हणाला. "माय तर बोलावतेच, बाबा. ती कवाबी बोलावते."

किसनरावांनी फोन तोंडाजवळ आणला. तानाबाईनं त्यांच्या हाताखाली हात धरला.

"मायले नाई येत थे," ते म्हणाले. "म्या लावलं. म्या, नयन. थ्या दिवशी डब्बा नाई फेकाले पायजे होता. चुकलं माह्यं."

फोनमधून गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला, आणि इंजिन बंद झालं.

"बाबा, रडून राह्यले का तुमी?"

"नाई," किसनराव म्हणाले. मग म्हणाले, "हव."

"माल खाली करून येतो मी. घरी जा तुमी दोघं, ऊन झालं असन."

"नाई जात. आमी इथंच थांबतो," किसनराव म्हणाले, आणि अनवाणी पाय ओढत रस्त्याकडं चालू लागले. तानाबाई ओळीत मागे पडलेली त्यांची चप्पल शोधून, हातात घेऊन त्यांच्या मागोमाग गेली.